अटेनमेंट २.४: नव्या समन्वयकाला चार युक्तीच्या गोष्टी

अभिनंदन! विभागाच्या मीटिंगमध्ये "या वर्षी ओबीईचं काम..." असं म्हणून एचओडी (विभागप्रमुख) सर थांबले, तेव्हा सगळ्यांनी डायरीत माना घातल्या आणि तुम्ही तेवढे वर बघत राहिलात. आता तुम्ही समन्वयक. पगार तोच, तासही तेवढेच, पण विभागाबाहेरच्या फलकावर नाव लागेल आणि एनबीएची, म्हणजे अभियांत्रिकी अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, समिती आली की सगळ्यांत आधी तुम्हाला हाक मारली जाईल.

घाबरून जाऊ नका. ओबीई म्हणजे आउटकम बेस्ड एज्युकेशन. शिक्षकाने काय शिकवलं ते सोडा, शेवटी विद्यार्थ्याला काय करता येऊ लागलं ते मोजा, असा साधा आणि खरं सांगायचं तर बिनतोड विचार. प्रत्यक्षात या कामात विद्यार्थ्याचा संबंध फारसा येत नाही, त्यामुळे ते ऐकायला वाटतं तेवढं अवघड नाही.

दोन सालं तोंडपाठ हवीत. पहिलं १९५६. त्या वर्षी बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकण्याच्या पायऱ्यांची उतरंड मांडली. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या परीक्षकांना आपापले प्रश्न एकमेकांना वापरता यावेत, कुठला प्रश्न नेमकं काय तपासतो ते कळावं, हा तिचा मूळ उपयोग. २००१ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली: आठवणे, समजणे, वापरणे, विश्लेषण करणे, मूल्यमापन करणे, निर्माण करणे. आपल्याकडे ही उतरंड प्रश्नपत्रिकेच्या उजव्या कडेला बीएल-१, बीएल-२ (ब्लूम लेव्हल) अशी छापलेली असते. विद्यार्थ्यांना ती छापखान्याची खूण वाटते. वाटू द्या.

दुसरं साल २०१४. त्या जूनमध्ये भारत वॉशिंग्टन अकॉर्डचा कायमस्वरूपी सदस्य झाला, म्हणजे इथली एनबीएमान्य अभियांत्रिकी पदवी अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा सदस्य देशांतल्या पदवीच्या बरोबरीची मानली जाऊ लागली. प्राचार्य हे पहिल्या वर्षाच्या पालकसभेत फार रंगवून सांगतात. फक्त ती बरोबरी टिअर-१ च्या, म्हणजे स्वायत्त संस्था आणि विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांना आहे. आपलं कॉलेज संलग्न, म्हणजे टिअर-२. कागद जवळपास तेवढेच रंगवायचे, करार मात्र आपल्याला लागू नाही. हे वाक्य पालकसभेत कोणी उच्चारलं तर माईक बंद पडतो, असा अनुभव आहे.

आता कामाला लागा. प्रत्येक विषयाचे पाच-सहा कोर्स आउटकम, म्हणजे सीओ, लिहायचे. तुमच्या आधीच्या सरांनी एका ठिकाणी "विद्यार्थ्याला थर्मोडायनॅमिक्सचे नियम समजतील" असं लिहिलं होतं. तज्ज्ञांनी ते लाल शाईने खोडलं. समजणं मोजता येत नाही, म्हणून सीओमध्ये ते क्रियापद चालत नाही. उतरंडीची दुसरी पायरी तीच असली म्हणून काय झालं? तुम्ही "विशद करेल", "उपयोजन करेल" असं लिहा आणि शेवटच्या सीओत "संरचना निर्माण करेल" टाका, वरच्या पायऱ्याही हव्यात ना. ते युनिट सेमिस्टरच्या शेवटच्या आठवड्यात येतं. तेव्हा मुलं सबमिशनच्या सह्या घेत फिरत असतात, त्यामुळे निर्मितीत कोणाचा व्यत्यय येत नाही.

पुढची पायरी जुळवणीची. एका बाजूला विषयाचे सहा सीओ, दुसऱ्या बाजूला पदवीचे बारा पीओ, म्हणजे प्रोग्राम आउटकम. चौकटी झाल्या ७२. प्रत्येकीत दोघांचा संबंध किती घट्ट त्याप्रमाणे १, २, ३ किंवा संबंधच नसेल तर आडवी रेघ. पत्रिका जुळवण्यासारखंच आहे हे. ३६ च्या ३६ गुण जुळले की मुलीचे काका चष्मा पुसून पुन्हा बघतात, १५ जुळले की दोन्ही घरांत चहा गार होतो, २५-२६ जुळले की सगळे निर्धास्त, मग नवरा-नवरी एकमेकांशी बोललीत का हे कोणी विचारत नाही. तेव्हा सगळीकडे ३ लिहू नका. गणित-३ हा विषय आणि पर्यावरणाचा पीओ यांच्या चौकटीत १ टाका. शेजारी समर्थनाचा रकाना असतो, तिथे "लाप्लास रूपांतरामुळे आकडेमोड आटोपशीर होऊन कागदाची बचत होते" असं लिहिलं तरी खपतं.

एवढ्यावर तुम्ही थकला असाल, पण खरी मजा पुढे आहे. अटेनमेंट, म्हणजे मुलांनी आउटकम किती गाठले त्याचा तीनपैकी आकडा. सावकाश वाचा.

विद्यापीठ आपल्याला विषयाचे एकूण गुण कळवतं. कुठल्या प्रश्नाला किती मिळाले ते कळवत नाही. अभ्यासक्रम विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने आखलेला, पेपर कुठल्या तरी अनोळखी सरांनी काढलेला, तपासला तिसऱ्याच गावातल्या मॅडमनी. आणि मुलाने कुठला सीओ किती गाठला हे सिद्ध करायचं तुम्ही. मार्ग सोपा आहे. एकूण गुणच सगळ्या सीओंना सारखे वाटून टाकायचे. ज्याने पहिली चार युनिटं घोटली, शेवटची दोन ऑप्शनला टाकली आणि ७० पैकी ४२ मिळवले, त्याने सहाही सीओ ६० टक्के गाठले. जी दोन युनिटं त्याने उघडून पाहिली नाहीत, तीही.

आता पातळ्या. वर्गातल्या ५० टक्के मुलांना ६० टक्के गुण असतील तर पातळी १, ६० टक्के मुलांना असतील तर २, ७० टक्के मुलांना असतील तर ३. हे उंबरठे विभाग स्वतः ठरवतो, सगळी खुबी तिथेच आहे. समजा वर्ग साठचा. विद्यापीठाच्या पेपरात ३८ जण साठ टक्क्यांच्या वर. म्हणजे ६३ टक्के वर्ग, पातळी २. इंटर्नलमध्ये, म्हणजे कॉलेजातल्या परीक्षेत, ५७ जण वर, कारण इंटर्नल आपल्या हातात असतं, पातळी ३. विद्यापीठाला ७० टक्के वजन, इंटर्नलला ३०. १.४ अधिक ०.९, झाले २.३. ही झाली थेट अटेनमेंट. तिला ८० टक्के वजन आणि मुलांनी भरलेल्या सर्वेक्षणाला २०. सर्वेक्षण २.८ येतंच. १.८४ अधिक ०.५६. बरोबर २.४.

आता समजा ३८ च्या जागी ३५ च मुलं वर गेली. वर्ग ५८ टक्क्यांवर आला, पातळी २ ची १ झाली आणि शेवटचा आकडा १.८४ वर आपटला. तीन मुलांनी विभागाचं नाक कापलं. अशा वेळी भोळा माणूस त्या तिघांना बोलावून काय अडलं ते विचारतो. तुम्ही तसं काही करू नका. साठ टक्क्यांचं लक्ष्य पंचावन्नवर आणा. अडचण एवढीच की लक्ष्य सेमिस्टर सुरू होण्याआधी ठरलेलं असावं लागतं. त्यासाठी मागच्या जुलैची मीटिंग या जुलैत घ्यायची. इतिवृत्तावर सह्या करताना सगळ्यांनी पेन बदलून घ्यावं आणि मागच्या जुलैत रजेवर असलेल्या मॅडमची सही घेऊ नये. मागे एकदा घेतली गेली होती.

इंटर्नलच्या शीटमध्ये आणखी एक बारकावा आहे. प्रश्न दोन किंवा तीन, असा पर्याय असतो. मुलाने सोडवलाच नाही त्या प्रश्नाच्या चौकटीत ० लिहिलंत तर सरासरी खाली येते. चौकट रिकामी सोडलीत तर एक्सेल त्याला मोजतच नाही. प्रश्न पर्याय म्हणून सोडला की येतच नव्हता, हे उत्तरपत्रिकेवरून कळत नाही. शंका आली की रिकामी सोडा. ज्यांना काहीच येत नाही अशी मुलं गणतीतून इतक्या सभ्यपणे बाहेर काढण्याची सोय दुसऱ्या कुठल्या व्यवस्थेत नाही.

सर्वेक्षणाचं काय, असं विचाराल. कोर्स एक्झिट सर्व्हे गुगल फॉर्मवर घ्यायचा आणि जर्नलवर सही करण्याआधी "फॉर्म भरला का?" एवढंच विचारायचं. पाच मिनिटांत साठ प्रतिसाद. सगळे सगळ्याशी पूर्ण सहमत. दर वर्षी एखादा मुलगा सगळीकडे १ वर टिक करतो. त्याचा तुमच्यावर राग नसतो, १ म्हणजे पहिला नंबर असं त्याला वाटतं. त्याला परत बोलावून भरायला लावा.

आणि काहीही झालं तरी ३ येऊ देऊ नका. ३ आलं की समिती म्हणते, लक्ष्य फार सोपं ठेवलंय, वाढवा. दीडच्या खाली आलं की कारणं द्या. २.४ ला कोणी हरकत घेत नाही. थोडं कमी पडलं म्हणून 'गॅप' दाखवता येते, गॅप आहे म्हणून कृती अहवाल लिहिता येतो. संवादकौशल्यात गॅप? एक तासाचं पाहुण्यांचं व्याख्यान. समाजभानात गॅप? वृक्षारोपण. फोटोवर अक्षांश-रेखांश उमटलेले हवेत, हे विसरू नका. रोप जगलं का, हे अजून कुठल्याच नमुन्यात विचारलेलं नाही. पुढच्या वर्षी २.४ चे २.५ करा आणि त्याला निरंतर सुधारणा म्हणा.

विषय प्रत्यक्षात शिकवला कोणी, हा नाजूक प्रश्न आहे. आपल्याकडे जागा रिकाम्या आहेत, त्यामुळे बरेच विषय तासिका तत्त्वावरच्या मुलामुलींकडे असतात. होय, मुलंमुलीच, परवापर्यंत तीच समोरच्या बाकांवर होती. त्यांना तासाप्रमाणे पैसे, तेही परीक्षा झाल्यावर कधीतरी. अटेनमेंट काढायची वेळ निकालानंतर येते आणि तोवर त्यांची नेमणूक संपलेली असते. मग ज्याने तो विषय कधी शिकवला नाही तो "मी पुढच्या वर्षी शिकवण्याच्या पद्धतीत अमुक बदल करीन" असं लिहून सही करतो आणि पुढच्या वर्षी तिसराच कोणीतरी शिकवतो. तुमच्या नावापुढे 'कोर्स इन्चार्ज' छापलं असेल तर सही करून टाका, चर्चा नको.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा. मुलांना खरंच काय येतं ते तपासायला जाऊ नका. एका कॉलेजात एका मॅडमना ही दुर्बुद्धी सुचली. तिसऱ्या वर्षाच्या वर्गात जाऊन त्यांनी दुसऱ्या वर्षाच्या पेपरातला एक प्रश्न, न सांगता, साध्या कागदावर सोडवायला दिला. तुळईवर भार कुठे टाकला तर ती कुठे जास्त वाकेल, आकृती काढून दाखवा. बस्स, आकडेमोडही नाही. याच वर्गाची त्या विषयातली अटेनमेंट वर्षापूर्वी २.६ लागली होती. साठांतल्या जेमतेम दहा-बारांना आकृती जमली. बाकीच्यांनी सूत्र लिहिलं, ते बरोबर होतं, पण त्याचं करायचं काय ते कोणालाच सांगता येईना. मॅडमनी उत्साहाने टिपण केलं. कुठल्या मुलाचं नेमकं कुठे अडतं, दोन तास जादा घेतले तर काय सुधारेल, पहिल्या वर्षाच्या मेकॅनिक्समध्ये काय बदलायला हवं, असं चांगलं चार पानांचं. एचओडी सरांनी ते वाचलं, मॅडमचं तोंडभरून कौतुक केलं आणि विचारलं, "हे कुठल्या निकषाखाली टाकायचं?" तसा निकष सापडला नाही. मॅडम सध्या स्नेहसंमेलन समितीवर आहेत आणि काम उत्तम करतात.

तसं म्हटलं तर ओबीई जिथून सुरू झालं, ते हेच. पण आपण त्या वादात कशाला पडायचं?

समितीच्या भेटीबद्दल थोडक्यात. पीओ जिन्यापासून कँटीनपर्यंत फ्लेक्सवर लावा. मुलाखतीला पाठवायची मुलं निवडक असावीत, माजी विद्यार्थी त्याच शहरात नोकरीला असलेले आणि पालक शक्यतो कॉलेजातच कामाला असलेले. पाहुणचार मात्र बेताचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या संस्थेच्या, एका तपासणी समितीच्या सदस्यांना चांगल्या श्रेणीसाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने अटक केली, तेव्हापासून शाल-श्रीफळ पुढे करतानाही आपले प्राचार्य आधी इकडेतिकडे बघतात. शेजारच्या आर्ट्स कॉलेजातल्या मित्राला हसू नका. नॅकच्या निकष २.६ खाली त्यालाही हेच सगळं करावं लागतं, फक्त त्याला काव्यशास्त्राची अटेनमेंट काढायची असते.

आणि हो, हे सगळं जमवून तुम्ही दमून बसाल तेवढ्यात कळेल की एनबीएच्या नव्या नमुन्यात बाराचे अकरा पीओ झाले आहेत. समाज आणि पर्यावरण यांचा एकच रकाना केलाय, नीतिमत्ता आठव्या नंबरवरून सातव्यावर आली आहे आणि एचओडी सरांना सोमवारपर्यंत मागच्या तीन वर्षांच्या शीट नव्या हिशेबाने हव्या आहेत. घाईत पर्यावरणाचा कॉलम डिलीट कराल तर पुढची सगळी सूत्रं तुटतील आणि २.४ च्या जागी एररची इंग्रजी अक्षरं येतील. म्हणून पर्यावरण डिलीट करू नका, नुसतं हाइड करा. समितीला प्रिंट द्या. पेनड्राइव्ह मागितलाच तर कॉलेजच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे म्हणावं. तेवढं तर खरंच आहे.