सेवे, आणि मामांचा फॉरवर्ड

परवा सकाळी आमच्या मामांनी घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. गुलाबाचं फूल, उगवता सूर्य आणि खाली गोष्ट: स्पेनमधल्या गरीब शेतकऱ्याचा मुलगा, हातात फक्त एक काठी, पायाखाली वाळू, शिकवणारं कोणी नाही, तरी जगज्जेता झाला. जिद्द हवी! मुलाचं नाव कुठेच नव्हतं. पण समुद्रकिनारा आणि काठी वाचल्यावर लगेच कळलं. हा सेवे. स्पेनचा गोल्फपटू सेवेरियानो बायेस्तेरोस.

आता मी काही गोल्फ खेळणारा नाही. आपल्यातल्या बहुतेकांना तो खेळ कुंपणाबाहेरूनच दिसतो. पण रात्री जागून यूट्यूबवर जुने सामने बघायचा नाद मला लागलाय, आणि त्यात या माणसाने जेवढं वेड लावलं तेवढं कोणीच नाही. म्हणून त्या फॉरवर्डचा राग आला. खोटा नव्हता तो, अर्धा होता.

सेवेचा जन्म ९ एप्रिल १९५७ चा. गाव पेद्रेन्या, उत्तर स्पेनमधलं, सांतान्देर शहरासमोर खाडीपलीकडे. घरी शेती, गाई. गावाला लागून श्रीमंतांचा गोल्फ क्लब. गावातली पोरं तिथे कॅडी, म्हणजे साहेबांच्या पिशव्या वाहणारी. मैदानावर खेळायची त्यांना परवानगी नव्हती. सेवे रात्री चांदण्यात चोरून आत शिरायचा, आणि दिवसा किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत खेळायचा. आधी जुन्या आयर्नच्या, म्हणजे गोल्फच्या लोखंडी पात्याच्या काठीच्या, पात्यात साधी काठी खोचून, चेंडू म्हणून गोटे. मग एक खरं तीन नंबरचं आयर्न हाती आलं.

मामांच्या फॉरवर्डमधून गळलेला भाग इथून सुरू होतो. ते आयर्न त्याला मोठ्या भावाने, मानुएलने दिलं. तिन्ही थोरले भाऊ व्यावसायिक गोल्फपटू झाले. सेवेचा मामा रामोन सोता तर १९६५ च्या मास्टर्समध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धेत, सहावा आलेला. (मामा लोकांना असं वगळू नये, निदान आमच्या मामांनी तरी.) म्हणजे घरात पैसा नव्हता, पण गोल्फ भरपूर होता. गरिबीतून चमत्कार घडतो ही गोष्ट आपल्याला फार आवडते, कारण मग कोणाला काही द्यावं लागत नाही. सेवेला कोणीतरी काठी दिली होती.

वाळूने त्याला काय दिलं, ते मात्र खरंच अजब आहे. गोल्फच्या पिशवीत चौदा काठ्या असतात, प्रत्येक अंतराला वेगळी. याच्याकडे एकच, तीही लांब मारायची. तिनेच उंच उडवायचं, तिनेच जमिनीलगत सरपटवायचं, तिनेच हळूच टेकवायचं. वाड्याच्या बोळात क्रिकेट खेळलेल्यांना हे समजावून सांगायला नको. पलीकडे काच असली की मनगट आपोआप शिकतं.

सोळाव्या वर्षी तो व्यावसायिक झाला. एकोणिसाव्या वर्षी, १९७६ मध्ये, रॉयल बर्कडेल मैदानावरच्या ओपनमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या मोठ्या स्पर्धेत, तीन दिवस आघाडीवर राहून शेवटी अमेरिकेच्या दिग्गज जॅक निकलसबरोबर संयुक्त दुसरा आला. १९७९ ला रॉयल लिथमवर ओपन जिंकलाच. युरोपच्या मुख्य भूमीवरच्या कोणी ती जिंकण्याची १९०७ नंतरची ही पहिलीच वेळ. त्या दिवशी सोळाव्या होलवर त्याचा फटका तात्पुरत्या कार पार्किंगमध्ये जाऊन पडला. नियमाप्रमाणे चेंडू मोकळ्या जागी ठेवला, तिथून ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर, मारला आणि बर्डी घेतली, म्हणजे ठरल्यापेक्षा एक फटका कमी. लगेच नाव पडलं, ‘कार पार्क चॅम्पियन’. म्हणजे नशिबाने जिंकला. पण सेवेचं म्हणणं होतं की वारा पाहून आपण मुद्दामच उजवीकडे मारलं होतं. माझा त्याच्यावर विश्वास आहे. पण समजा फटका चुकलाही असेल, तरी पुढची बर्डी काही गाड्यांनी केली नाही.

१९८० ला तेविसाव्या वर्षी मास्टर्स. ती जिंकणारा पहिला युरोपियन आणि तोवरचा सर्वांत तरुण विजेता. त्याच वर्षी यूएस ओपनमध्ये उशिरा पोहोचला म्हणून बाद! हाही तोच माणूस. १९८३ ला पुन्हा मास्टर्स, १९८४ आणि १९८८ ला पुन्हा ओपन. १९८४ ला सेंट अँड्र्यूजच्या शेवटच्या ग्रीनवर चेंडू कडेवर क्षणभर रेंगाळून आत पडतो, आणि गडद निळ्या स्वेटरमधला हा माणूस हवेत मुठी मारत गोल फिरतो. ते दृश्य मी किती वेळा पाहिलंय, ते बायकोला विचारा.

तरी माझा सगळ्यात आवडता फटका तो हरलेल्या स्पर्धेतला. १९९३, स्वित्झर्लंडमधलं क्रां. शेवटचा होल, चेंडू भिंतीच्या मागे, वर झाडांच्या फांद्या, पलीकडे पोहण्याचा तलाव. कॅडी बिली फॉस्टर विनवतोय, बाजूला काढ आणि पुढे चल. सेवेला फांद्यांमध्ये एक फट दिसली. चेंडू भिंतीवरून, फटीतून, तलावावरून जवळजवळ ग्रीनपाशी. तिथून चिप, म्हणजे छोटा उडता फटका, थेट होलमध्ये. एवढं करून एका फटक्याने हरला.

रायडर कपचं, म्हणजे अमेरिकेच्या संघाशी होणाऱ्या लढतीचं, तर स्वतंत्र प्रकरण आहे. १९७७ पर्यंत अमेरिकेसमोर फक्त ब्रिटन आणि आयर्लंड असायचे आणि बहुतेक वेळा हरायचे. मग १९७९ ला बाकी युरोपला आत घेतलं. १९८१ मध्ये मानधनाच्या वादातून सेवेच संघाबाहेर होता. यावर ‘पैशासाठी भांडला’ म्हणून नाकं मुरडणारे आजही भेटतात. अमेरिकन खेळाडूंना हजेरीचे पैसे मिळतात तर आम्हाला का नाही, हा प्रश्न एका कॅडी पोराने विचारला की तो हावरटपणा होतो. पुढे १९८५ ला युरोप जिंकला, १९८७ ला पहिल्यांदाच अमेरिकेत जाऊन जिंकला. होसे मारिया ओलाथाबालबरोबरची त्याची जोडी १५ सामन्यांत फक्त २ हरली. हा ओलाथाबाल सान सेबास्तियानच्या क्लबवर गवताची निगा राखणाऱ्याचा मुलगा. २०१२ ला तो कर्णधार होता, सेवे जाऊन वर्ष उलटलेलं. खेळाडूंच्या पिशव्यांवर सेवेची छबी, शेवटच्या दिवशी ६-१० ने मागे, आणि तरी युरोप जिंकला.

उतरता काळ फॉरवर्डमध्ये नसतोच. पाठ तरुणपणापासून दुखायची. स्विंग, म्हणजे काठी फिरवायची ढब, बिघडला, कोच बदलले, सल्ले साठत गेले. शेवटचं विजेतेपद १९९५ चं, वय ३८. त्याच वर्षी अमेरिकेत ओक हिलला रायडर कपच्या शेवटच्या दिवशी पहिला सामना त्याचा, टॉम लेहमनशी. फटके झाडीत, गवतात, कुठेही. तरी प्रत्येक वेळी कुठून तरी बाहेर येऊन लेहमनला सहज सुटू देत नव्हता. हरला, पण त्या दिवसाचं चित्रण मी विजयाइतक्याच प्रेमाने बघतो. २००७ ला निवृत्ती, २००८ ला मेंदूतली गाठ, ७ मे २०११ ला गेला. वय ५४.

हे सगळं मामांना टाइप करून पाठवलं. दोन तासांनी उत्तर आलं, “म्हणजे काठी होती की नव्हती?”

होती मामा. पण चांगली काठी भावाने दिली होती.