सल्ला किनाऱ्यावरच ठेवा

‘पालकांनी सपोर्ट बोटीतून सोबत राहावं, शर्यतीतही मुलाला सूचना देत राहाव्यात’ हे मुलांच्या शिडाच्या होड्यांच्या शर्यतींवरच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. शर्यत सुरू असताना बाहेरची मदत घ्यायला या शर्यतींच्या नियमावलीतल्या नियम ४१ नुसार मनाईच आहे. आजारपण, धोका असे मोजके अपवाद सोडले तर. शिवाय २०१७ पासूनच्या नियमांत आई-वडीलही ‘सपोर्ट पर्सन’मध्ये, म्हणजे स्पर्धकाच्या मदतनीसांत, धरले जातात. म्हणजे बाबांच्या आगाऊपणाची शिक्षा मुलाच्या होडीला होऊ शकते. लेखात याचा उल्लेखसुद्धा नाही.

माझी मुलगी ऑप्टिमिस्ट चालवते. जेमतेम २.३ मीटरची होडी, त्यात ती एकटी. वारा कुठे फिरतोय, कधी वळायचं, हे तिचं तिनेच ठरवायचं. खेळ तोच तर आहे. आम्ही होडी पाण्यात उतरवायला हात लावतो आणि बाजूला होतो. (किनाऱ्यावर दुर्बीण लावून चडफडायला बंदी नाही!) खरा त्रास शर्यत संपल्यावर दिसतो. पोरं ओल्या कपड्यांत कुडकुडत असतात आणि कुणाचे तरी वडील ‘स्टार्टला मागे का राहिलास?’ म्हणून उलटतपासणी घेत असतात. ते काम कोचचं आहे, आणि तेही पोराने कपडे बदलून, पोटात काही ढकलल्यावर.