सोनोग्राफीत दिसेपर्यंत उशीर झालेला असतो

अकाली जन्मलेल्या बाळांच्या पालकांमध्ये एक संदेश वरचेवर फिरत असतो. तो आरओपी (रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी, म्हणजे अकाली जन्मलेल्या बाळांना होणारा आणि दृष्टी हिरावू शकणारा डोळ्याच्या पडद्याचा आजार) ओळखणाऱ्या तपासणीविषयी असतो. त्याचा आशय असा : एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) बाळाच्या मेंदूची सोनोग्राफी होतेच, त्याच यंत्राने डोळ्याचा पडदाही तपासता येतो, मग पापण्या ताणून बाळाला रडवणारी तपासणी कशाला? ज्याला ऑक्सिजन लागला नाही त्याला तर ती नकोच, आणि घाईही नको. यांपैकी पहिल्या विधानात सत्याचा थोडा अंश आहे, म्हणून आधी तेच घेतो.

डोळ्याची सोनोग्राफी होते आणि ती उपयोगीही असते. आत रक्तस्राव झाल्यामुळे किंवा बाहुलीमागे पांढरे दिसू लागल्यामुळे पडदा दिसेनासा झाला, तर तो जागेवर आहे की सुटला आहे हे बी-स्कॅन, म्हणजे हीच सोनोग्राफी, सांगते. पण आरओपी हा मुळात पडद्याच्या रक्तवाहिन्यांचा आजार आहे. या वाहिन्या गर्भाच्या साधारण सोळाव्या आठवड्यापासून दृष्टिमज्जेकडून (डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूकडून) कडेकडे वाढू लागतात आणि कानाकडच्या कडेला जवळपास चाळिसाव्या आठवड्यात पोहोचतात. बाळ आधीच जन्मले की ही वाढ अडखळते आणि पुढे भलत्याच वाहिन्या फुटू शकतात. तपासणारा डॉक्टर पाहतो ते हे : वाहिन्या कुठवर पोहोचल्या, त्यांच्या सीमेवर फिकट रेषा आहे की उंचवटा, आणि मध्यभागाजवळच्या वाहिन्या फुगून नागमोडी झाल्या आहेत का. नेहमीच्या १० मेगाहर्ट्‌झच्या प्रोबमधील ध्वनिलहरीची लांबीच सुमारे ०.१५ मिलिमीटर असते; सपाट, फिकट रेषा आणि बारीक वाहिन्यांची वळणे त्या चित्रात उमटत नाहीत. डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, मोठ्या वाहिन्यांतला प्रवाह मोजते, कडेच्या वाहिन्यांचा नकाशा देत नाही. सोनोग्राफीला खात्रीने कळतो तो सुटलेला पडदा, म्हणजे आजाराच्या पाच टप्प्यांपैकी चौथा किंवा पाचवा. आणि उपचार करायचे असतात ते त्याआधी.

तपासणीचा त्रास होत नाही, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. बाहुली मोठी करणारे थेंब घालतात, भूल देणाऱ्या थेंबांनंतर पापण्यांमध्ये तारेचा चिमटा बसवतात, बाळ रडते आणि कधी हृदयाचे ठोकेही मंदावतात, म्हणून नाडीवर लक्ष ठेवावे लागते. साखरेचे पाणी किंवा आईचे दूध जिभेवर दिल्याने वेदना थोडी कमी होते. प्रत्यक्ष तपासणी मात्र काही मिनिटांची असते. तज्ज्ञ जवळ नसेल तर खरा पर्याय रेटकॅमसारख्या कॅमेऱ्याचा आहे : कर्नाटकात २००८ पासून ‘किड्रॉप’ उपक्रमात तंत्रज्ञ अशी छायाचित्रे काढतात आणि तज्ज्ञ ती दुरून तपासतात.

ऑक्सिजनचा अतिरेक हे मोठे कारण आहे, पण एकमेव नाही. मुख्य धोका अकाली जन्माचाच. आपल्याकडे अमेरिकेच्या तुलनेत जास्त वजनाच्या बाळांनाही हा आजार होतो. म्हणूनच कोणत्या बाळांना तपासायचे याची मर्यादा तिथे १५०० ग्रॅम किंवा ३० आठवड्यांची, तर भारतात २००० ग्रॅमपेक्षा कमी वजन किंवा ३४ आठवड्यांपेक्षा कमी गर्भकाळ अशी आहे. ३४ ते ३६ आठवड्यांच्या बाळाला इतर जोखीम असेल, तर त्याचीही तपासणी करतात.

सर्वांत घातक सल्ला ‘घाई नको’ हाच. पहिली तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत व्हावी लागते. २८ आठवड्यांपेक्षा लहान किंवा १२०० ग्रॅमपेक्षा हलक्या बाळाची तर दोन-तीन आठवड्यांतच. आपल्या घरांत बाळ-बाळंतिणीला सव्वा महिना बाहेर काढत नाहीत, आणि ही मुदत नेमकी त्याच काळात संपते. उपचाराची गरज ठरली की लेझर किंवा डोळ्यातले इंजेक्शन ४८ ते ७२ तासांत द्यावे लागते. १९९६ साली तमिळनाडूत सरकारी रुग्णालयात जन्मलेल्या एका मुलीची अशी तपासणी झाली नाही आणि तिची दृष्टी गेली. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने तिच्यासाठी सुमारे १.८ कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली.

पहिल्या वेळी ‘ठीक आहे’ असे ऐकले म्हणजे काम संपले, असेही नाही. वाहिन्या कडेपर्यंत पोहोचल्याचे डॉक्टर सांगेपर्यंत दर एक-दोन आठवड्यांनी, किंवा ते ठरवतील तेव्हा, पुन्हा जावे लागते. घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर ती पुढची तारीख लिहून घ्यावी.