सागाचा बैल

फर्निचरच्या कामासाठी घरी येणाऱ्या माणसाने फर्निचरपुरतंच बोलावं, असा कायदा हवा. गेल्या आठवड्यात काचेचं कपाट करायला सुतारमामा आले आणि माझ्या आयुष्यभराच्या छंदाला टिचकी मारून गेले. खरोखरची टिचकी. माझ्या 1948च्या फोर्ड स्टेशन वॅगनच्या दारावर.

मी जुन्या लाकडी अंगाच्या स्टेशन वॅगनची, म्हणजे मागे सामानाला ऐसपैस जागा असलेल्या लांब मोटारींची, छोटी मॉडेल्स जमवतो. अमेरिकेत त्यांना लाडाने 'वुडी' म्हणतात. ही फोर्ड 1:18ची, म्हणजे साधारण 28 सेंटीमीटर लांब. कपाटाचं माप घ्यायला म्हणून ती मामांपुढे ठेवली. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, दारावर टकटक केलं, नख ओढलं, चष्मा वर केला.

"हे लाकूड नाय."

"मॉडेल आहे मामा. अठरा पट लहान."

"लहान असू द्या की. माझ्या नातवाचा बैल दोन इंचांचा आहे, पण सागाचा."

यावर काय बोलणार? मी सांगितलं की मूळ गाडीला मेपल आणि बर्चची चौकट होती, मध्ये महोगनीच्या फळ्या. फोर्डने त्यासाठी मिशिगनमध्ये आयर्न माउंटनला स्वतःची जंगलं आणि लाकडाचा कारखाना ठेवला होता. उरलेल्या ढलप्यांचा कोळसा करून तोही विकला. मामांना फक्त कोळसा पटला. "माल वाया नाय घालवला, हे बरं केलं."

मग बाकीची चौकशी. पॉलिश कुठलं? वाळवी? पावसात काय करायचे? मी प्रामाणिकपणे सांगितलं, की दरवर्षी वार्निश मारावं लागायचं, नाहीतर सांध्यांत पाणी शिरून लाकूड कुजायचं. ब्रिटनच्या मॉरिस मायनर ट्रॅव्हलरला तर चौकटीवर शेवाळ यायचं. 1953 ते 1971 ती गाडी बनली आणि तिचं ॲश नावाच्या झाडाचं लाकूड शोभेचं नव्हतं, मागचा सांगाडाच त्याचा. ते कुजलं की तिकडच्या गाड्यांच्या तपासणीत गाडी नापास व्हायची.

"मग गाडीला लाकूड लावलंच कशाला? लोखंड नव्हतं का त्यांच्याकडं?"

होतं. पण थोड्याच गाड्या खपणार असतील, तर पत्रा दाबायचे महागडे साचे परवडत नसत. सुतारांकडून हाताने अंग बांधून घेणं सोपं पडे. 1949 साली प्लिमथ कंपनीने सबर्बन नावाची पूर्ण पोलादी वॅगन काढली, तिला ना वार्निश ना कटकट, आणि 1953च्या ब्यूइकनंतर अमेरिकेत खऱ्या लाकडाची वॅगन कारखान्यातून निघालीच नाही.

"म्हणजे सुताराला काढलं," मामा म्हणाले, आणि माझ्याकडे असं पाहिलं, की जणू कामावरून काढल्याचं ते पत्र मीच टाइप केलं होतं.

"केवढ्याला पडली?"

बायको स्वयंपाकघरात होती, म्हणून निम्मी किंमत सांगितली. तीही मामांना सोसली नाही. "एवढ्यात मी खरी करून देतो. तुम्ही आत बसाल अशी. चाकं तेवढी तुम्ही आणा." आतून हसण्याचा आवाज आला. त्या घटकेपासून घरातलं मतदान तीन विरुद्ध एक आहे, कारण मुलगीही मामांच्या बाजूला गेली.

किंमत हा माझा हळवा विषय आहे. जकातीच्या वर्गवारीत ही मॉडेल्स बाहुल्या आणि तीनचाकी सायकलींच्या पंगतीत बसतात, मथळा 9503. खेळण्यांवरची मूळ आयात ड्युटी 2020 साली 20 टक्क्यांवरून 60 झाली, 2023मध्ये 70. देशी खेळणी वाढावीत म्हणून, ठीक आहे. पण 1948ची फोर्ड वॅगन इथे कोण बनवतंय? ज्या माणसाने पन्नाशीत बाहुलीच्या मथळ्याखाली पैसे मोजलेत, त्याला निदान घरात तरी कुणी 'खेळणी किती झाली रे' असं विचारू नये. आमच्याकडे ते रोज विचारतात.

मामांना गप्प करायला माझ्याकडे एक हुकमी पान होतं. क्रायस्लरच्या टाउन अँड कंट्री या गाडीला बाहेरची चौकट खऱ्या लाकडाची होती, पण चाळिशीच्या दशकाच्या शेवटी आतलं महोगनी काढून लाकडाच्या छापाचं आवरण चिकटवलं गेलं. म्हणजे नक्कल मुळातच होती, माझ्या मॉडेलवाल्याने नवीन काही पाप केलं नाही. हे मी बऱ्यापैकी ठसक्यात ऐकवलं. मामांनी ऐकून घेतलं आणि टेप गुंडाळली.

काल कपाट आलं. आत भुश्शाचा बोर्ड, वर मायका. मायक्यावर सागाच्या रेषा.

"मामा, हे लाकूड नाय," मी म्हणालो. या वाक्यासाठी मी आठवडाभर थांबलो होतो.

"आजकाल खरं कोण घेतं साहेब? परवडत नाय." आणि बिल पुढे केलं. त्यात मायक्याचे पैसे वेगळे, चौरस फुटावर, आणि शेवटच्या ओळीत स्वच्छ अक्षरात 'खेळण्यांचे कपाट'. घासाघीस बायकोने करायची असते, पण तिने मामांना चहा दिला.

हँडल बसवायचं राहिलंय. पैसे पूर्ण दिले, त्यामुळे मामा फोन उचलत नाहीत.