एनएलआर वाढला म्हणून गोळी सोडायची नसते

रविवारी गोव्यातल्या साखळी गावी मावशीकडे गेले. स्वयंपाकघरात कालनिर्णयच्या पानामागे तिच्या अक्षरात एक भागाकार दिसला. 74 भागिले 14, म्हणजे रक्तातल्या न्यूट्रोफिल्स भागिले लिम्फोसाइट्स. या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशी, आणि त्यांच्या या गुणोत्तराला एनएलआर म्हणतात. उत्तर 5.3, आणि त्याला लाल बॉलपेनने गोल. खाली लिहिलं होतं, "सोमवारपासून अर्धी गोळी". मावशी पेज जेवत होती आणि मधून मधून हनुवटीला हाताने आधार देत होती, कारण जबडा थकत होता. सकाळचे साडेदहाच वाजले होते आणि डावी पापणी अर्ध्यावर आली होती. एरवी तिची पापणी संध्याकाळी उतरते.

मावशीला मायस्थेनिया ग्रेव्हिस आहे, म्हणजे स्नायू लवकर थकवणारा आजार. दोन वर्षांपूर्वी त्याच आजाराच्या तपासणीत छातीच्या सीटी स्कॅनवर थायमसची (छातीच्या हाडामागच्या ग्रंथीची) गाठ, म्हणजे थायमोमा, सापडली आणि ऑपरेशन करून काढली. तेव्हापासून ती प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड घेते. ती गोळी तिने तीन आठवडे अर्धी केली होती, कुणालाही न विचारता, नातेवाईकांच्या ग्रुपवर आलेल्या एका मेसेजवरून.

तोच मेसेज गेल्या महिन्याभरात मला तिघांनी दाखवलाय. मी म्हापशाच्या एका लॅबमध्ये 19 वर्षं काम करते, त्यामुळे "मॅडम, रिपोर्टवर एनएलआर पण लिहून द्या" हे आता काउंटरवर ऐकू येतं. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: थायमसच्या गाठीत पुढे काय होणार हे साध्या सीबीसीतून, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीतून, कळतं. न्यूट्रोफिल्सना लिम्फोसाइट्सनी भागा. उत्तर 3 च्या खाली असेल तर गाठ निरुपद्रवी, ऑपरेशन नको, सीटी नको. 3 च्या वर असेल तर आयुष्य तीन वर्षं. स्टिरॉइडने हा आकडा वाढतो, म्हणून स्टिरॉइड बंद करा. गुळवेलीचा काढा आणि कोकमाचं आगळ घ्या, आकडा उतरला की गाठ विरघळते. परदेशात सिद्ध झालंय.

स्टिरॉइडपासून सुरू करते, कारण मावशीचं नुकसान त्या ओळीने केलं.

प्रेडनिसोलोनने एनएलआर वाढतो हे खरं आहे. का वाढतो ते मात्र मेसेजने सांगितलेलं नाही. आपल्या न्यूट्रोफिल्सपैकी बऱ्याचशा एरवी रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटून असतात, सुईतून आलेल्या रक्तात त्या येत नाहीत. स्टिरॉइड घेतलं की त्या सुटून प्रवाहात येतात. लिम्फोसाइट्स त्याच वेळी रक्तातून हाडांच्या मगजाकडे आणि इतर ठिकाणी सरकतात. वरचा आकडा वाढला, खालचा घटला, भागाकार फुगला. यात गाठीचा काही संबंध नाही. गोळी पोटात गेल्याची ती खूण आहे, बस.

मावशीची जुनी फाईल काढली. ऑपरेशनच्या आधी, गाठ छातीत होती आणि स्टिरॉइड सुरू नव्हतं, तेव्हाची सीबीसी: न्यूट्रोफिल्स 62, लिम्फोसाइट्स 28. एनएलआर 2.2. आता गाठ काढून टाकली आहे, सीटी स्वच्छ आहे, आणि एनएलआर 5.3. या मेसेजच्या हिशेबाने गाठ छातीत असताना मावशी सुरक्षित होती आणि गाठ गेल्यावर ती मरणार! तिला दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवले तेव्हा ती बराच वेळ बघत राहिली.

थायमोमाच्या रुग्णांत ही गोष्ट क्वचितची नाही. त्यांच्यातल्या साधारण एक तृतीयांश लोकांना मायस्थेनिया असतो आणि मायस्थेनियात स्टिरॉइड हे नेहमीचं औषध आहे. म्हणजे हा मेसेज नेमका ज्यांच्यासाठी लिहिला आहे, त्यांच्यातच तो आकडा औषधामुळे वाढलेला असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. आणि त्यांनाच तो सांगतो की औषध सोडा. महिनोन् महिने स्टिरॉइड घेतलं की शरीर स्वतःचं कॉर्टिसोल, म्हणजे नैसर्गिक स्टिरॉइड, बनवणं कमी करतं, त्यामुळे गोळी एकदम बंद केली तर रक्तदाब कोसळू शकतो. मायस्थेनियात त्यावर आणखी एक धोका असतो: गिळण्याचे आणि श्वासाचे स्नायू थकतात. अशा माणसाला व्हेंटिलेटर लागू शकतो.

मी तिथूनच तिच्या न्यूरॉलॉजिस्टला फोन लावला. ते म्हणाले, खोल श्वास घ्यायला सांगा आणि त्याच एका श्वासात आकडे मोजायला लावा. निरोगी माणूस साधारण 50 पर्यंत जातो. मावशी 19 वर थांबली, पुन्हा श्वास घेतला आणि म्हणाली, "उन्हामुळे असेल गो." बाहेर पाऊस पडत होता. तासाभरात तिला घेऊन बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात निघालो. चार दिवस ठेवून घेतलं.

आता "3 च्या खाली, तर सीटी नको" हा मुद्दा. थायमोमा सावकाश वाढतो आणि सावकाशच परततो, कधी दहा वर्षांनीसुद्धा, आणि बहुतेकदा फुप्फुसाच्या आवरणावर. म्हणून अमेरिकेतल्या कर्करोग केंद्रांच्या एनसीसीएन या संघटनेच्या मार्गदर्शिकेत ऑपरेशननंतर पहिली दोन वर्षं दर सहा महिन्यांनी सीटी आणि पुढे दरवर्षी, थायमोमासाठी दहा वर्षांपर्यंत, असं लिहिलेलं आहे. फुप्फुसाच्या आवरणावरचा हरभऱ्याएवढा दाणा सीबीसीत दिसत नाही. मी रोज सीबीसी काढते म्हणून सांगते, दिसत नाही.

आणि हा आकडा स्वतः किती डळमळीत आहे! जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधलं तेच रक्त, स्लाइडवर 100 पेशी मोजल्या. एकदा लिम्फोसाइट्स 14 आल्या, पुन्हा मोजल्या तर 12. हे रोज होतं, यात कुणाची चूक नसते. पण 74 ला 14 ने भागलं तर 5.3 आणि 12 ने भागलं तर 6.2. दोन पेशींच्या फरकाने मावशीची झोप उडाली असती. त्यात आपला पावसाळा. शेतात उतरलेल्याला लेप्टो झाला तर न्यूट्रोफिल्स चढतात, डेंगी झाला तर पांढऱ्या पेशी घटून हेच गुणोत्तर उतरू शकतं. डेंगीत उतरलेल्या आकड्याला "गाठ विरघळली" म्हणायचं का?

"परदेशात सिद्ध झालंय." इथे थोडं मान्य करावं लागतं, मनात नसलं तरी. जपान, चीन आणि ऑस्ट्रिया इथल्या शल्यचिकित्सकांनी थायमसच्या गाठींच्या रुग्णांच्या ऑपरेशनपूर्व रक्ताचे जुने रिपोर्ट तपासले आहेत, आणि काही अभ्यासांत एनएलआर किंवा सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) जास्त असलेल्यांची पुढची वाटचाल सरासरीने वाईट निघाली. शरीरातली सूज आणि गाठीची आक्रमकता यांचा काही धागा असू शकतो, ते संशोधन फालतू नाही. पण ते बहुतेक मागे वळून पाहिलेले, एकेका रुग्णालयातले, लहान अभ्यास आहेत. कुठली रेषा ओलांडली की धोका, हा आकडाही प्रत्येकाचा वेगळा, आणि बहुतेकदा तो स्वतःच्याच रुग्णांचे निकाल बघून ठरवलेला. परीक्षेचे पेपर तपासून झाल्यावर पासाचे गुण ठरवावेत, तसं ते आहे. त्यातून रुग्णांच्या गटाबद्दल अंदाज बांधता येतो. "तीन वर्षं" हे एका माणसाला सांगता येत नाही, आणि त्या संशोधकांनीही कुणाला सांगितलेलं नाही.

भविष्य खरंच कशावरून ठरतं ते पाहायचं असेल तर एकच काम पुरेसं आहे. थायमसची गाठ इतकी दुर्मिळ, की वर्षाला दहा लाख लोकांत एखाद-दुसरी आढळते, म्हणून एका रुग्णालयाचे आकडे पुरत नाहीत. फुप्फुसाच्या कर्करोगावर आणि थायमसच्या गाठींवर काम करणाऱ्या दोन आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून जगभरातल्या 105 केंद्रांतून 10,808 रुग्णांची माहिती एकत्र केली. 2014 मध्ये तिच्यावर आधारित वर्गीकरण मांडलं आणि पुढे तेच टीएनएमच्या, म्हणजे कर्करोगाचे टप्पे ठरवण्याच्या जागतिक पद्धतीच्या, आठव्या आवृत्तीत आलं. ते वर्गीकरण विचारतं, गाठ आपल्या वेष्टणात आहे की हृदयाच्या आवरणात, फुप्फुसात, मोठ्या रक्तवाहिन्यांत शिरली आहे? फुप्फुसाच्या आवरणावर तिचे वेगळे दाणे आहेत का? लसीकाग्रंथींत गेली आहे का? जोडीला सूक्ष्मदर्शकाखालचा प्रकार, ए पासून बी3 पर्यंत आणि वेगळा मोजला जाणारा थायमिक कार्सिनोमा, आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाठ पूर्ण निघाली की नाही. इतक्या रुग्णांवरून बांधलेल्या त्या वर्गीकरणात एनएलआरला जागा नाही.

काढ्याबद्दल थोडक्यात. आगळ जेवणात घ्या, सोलकढी करा, त्याने गाठीला काही होत नाही. गुळवेलीचं मात्र तसं नाही. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या 6 रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तिच्यात रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्याच्या खुणा होत्या. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला होता, तेही सांगते. पण मायस्थेनिया हा मुळातच प्रतिकारशक्ती उलटल्याचा आजार आहे. त्या माणसाला "इम्युनिटी वाढवा" म्हणून काहीही पाजणं मला पटत नाही.

कुणाच्या घरी हा मेसेज वाचून गोळी कमी केली असेल तर आजच डॉक्टरांना फोन करा, गोळी परत कशी वाढवायची ते त्यांनाच ठरवू द्या. गिळताना ठसका लागत असेल, आवाज नाकातून येत असेल, आडवं पडल्यावर दम लागत असेल, तर फोनवर थांबू नका, थेट कॅज्युअल्टीत न्या.

मावशी घरी आली आहे. कालनिर्णयचं ते पान तिने स्वतः फाडलं. काल एका श्वासात 37 पर्यंत गेली. पुढची सीटी चवथीनंतरच्या आठवड्यात आहे, ती तारीख मी नव्या पानावर लिहून आले.