'गेट' सोपा आहे म्हणणाऱ्यांनो, जरा ऐका

इंग्रजीतल्या मोठ्या शब्दांनी मला कधीच छळलं नाही. 'फोटोसिंथेसिस' एकदा पाठ केला की झालं, जन्मभर कुठेही भेटला तरी अर्थ तोच. छळलं ते 'गेट' (get) या क्रियापदाने. आणि हा शब्द नवशिक्यांच्या प्रत्येक पुस्तकात पहिल्या काही पानांत असतो, शेजारी एकच अर्थ छापलेला: मिळणे. बस. पुढचा धडा.

मिळणे? 'आय गॉट अ लेटर' इथवर ठीक आहे. 'इट्स गेटिंग डार्क' मध्ये कुणाला काय मिळालं? तिथे अंधार पडतोय. 'वी गॉट होम' म्हणजे घरी पोचलो. 'आय डोन्ट गेट यू' म्हणजे तू काय म्हणतोयस ते मला कळत नाहीये. 'गेट हिम टू साइन' म्हणजे त्याला सही करायला लाव. दाराची बेल वाजली आणि कुणी 'आय विल गेट इट' म्हणालं, तर दार ती व्यक्ती उघडणार. फोन वाजला तरी हेच वाक्य, तेव्हा ती फोन उचलणार. आणि 'इट'च्या जागी 'यू' घातलं की सरळ धमकी: तुला सोडणार नाही. पुस्तकातल्या त्या एका अर्थाच्या जोरावर यातलं काय समजावं माणसाने?

बरं, एवढ्यावर भागत नाही. मागे एखादं 'अप', 'ऑफ', 'ॲट' चिकटलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. 'ही गॉट ऑफ'. कोण उतरला? बसमधून उतरला की खटल्यातून सुटला? 'व्हॉट आर यू गेटिंग ॲट' म्हणजे तुला नेमकं सुचवायचंय काय. 'स्टॉप गेटिंग ॲट मी' म्हणजे मला टोचून बोलणं बंद कर. 'आय कान्ट गेट ॲट इट' म्हणजे माझा हात तिथवर पोचत नाही. तीन वाक्यं, तेच दोन शब्द, आणि अर्थांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. 'गेट थ्रू'चं तर विचारूच नका. फोन लागणे, परीक्षेतून पार पडणे, वाईट दिवस काढणे, कामाचा ढीग उपसणे, सगळं त्यातच. पुढे आणखी एक 'टू' लावा, की समोरच्याच्या डोक्यात आपलं म्हणणं शिरणे.

माझा खरा संताप मात्र याहून पुढचा आहे. 'आय गॉट माय फोन रिपेअर्ड' आणि 'आय गॉट माय फोन स्टोलन' ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. रचना हुबेहूब सारखी. पहिल्यात मी फोन दुरुस्त करून घेतला, दुसऱ्यात माझा फोन चोरीला गेला. एकात कर्तेपण माझं, दुसऱ्यात मी नुसतीच बळी. मराठीत 'घेतला' आणि 'गेला' म्हटलं की फरक कानालाच कळतो. इंग्रजीत तो ऐकणाऱ्याने स्वतःच्या अकलेने काढायचा.

आणि 'गॉट टू'! 'आयव्ह गॉट टू स्पीक' म्हणजे मला बोलावंच लागणार आहे. 'आय गॉट टू स्पीक' म्हणजे मला बोलायची संधी मिळाली. एकात सक्ती, दुसऱ्यात भाग्य. दोघांत फरक काय, तर 'व्ह' एवढा एक निसटता आवाज. आणि भराभर बोलणारे लोक सक्तीच्या वाक्यातूनही तो गिळून टाकतात. फोनवर ऐकताना बोलणाऱ्याचं अभिनंदन करायचं की त्याला धीर द्यायचा, हे ठरवायला अर्धा सेकंद असतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं: शब्दकोश बघ. बघितला की! अर्थांना क्रमांक दिलेले असतात, एकामागून एक, संपता संपत नाहीत. आपल्या वाक्यातला अर्थ कितव्या क्रमांकाचा, हे ओळखायला तो अर्थ आधीच माहीत असावा लागतो. मग शब्दकोश उघडायचा कशाला?

हे रडगाणं माझ्या एकटीचं नाही. सॅम्युएल जॉन्सनने 1755 साली इंग्रजीचा मोठा शब्दकोश काढला, तेव्हा प्रस्तावनेत त्याने याच जातीच्या क्रियापदांबद्दल उघड तक्रार केली. अर्थ इतके सैल आणि वापर इतका अनिश्चित, की माग काढणंच कठीण होतं, असं त्याचं म्हणणं. 'गो', 'पुट', 'सेट', 'रन', 'टेक' यांच्या रांगेत त्याने 'गेट'चंही नाव घेतलंय. क्रियापदामागे छोटा शब्द जोडून अर्थ फिरवण्याची जी रीत आहे, ती परक्यांना सर्वांत अवघड जाते, हेही त्याच प्रस्तावनेत आहे. जन्माने इंग्रज असलेला कोशकार अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी हे मान्य करून मोकळा झाला. आजचे शिकवणारे मात्र 'अगं, सोपा तर आहे' म्हणतात.

वर दुटप्पीपणा बघा. निबंधात 'गेट' लिहिला की लाल रेघ. ढिसाळ शब्द आहे म्हणे, 'रिसीव्ह' लिहा, 'ऑब्टेन' लिहा. बरं, तेच शब्द बोलताना वापरले की 'तुझं इंग्रजी पुस्तकी वाटतं.' म्हणजे लिहिताना टाळायचा आणि बोलताना पदोपदी वापरायचा, आणि वापरायचा कसा ते कुणी शिकवायचं नाही! 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, दरबारात आणि कचेरीत फ्रेंच आली, तिथून 'रिसीव्ह', 'ऑब्टेन' असे शब्द इंग्रजीत शिरले आणि प्रतिष्ठित झाले. घरातल्या बोलण्यात 'गेट' राहिला, आणि तोही मुळात उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांचा. त्यांची ही जुनी उतरंड आम्ही का निस्तरायची?

'सोप्या इंग्रजीत लिहा' म्हणणाऱ्यांवरही माझा राग आहे. हेतू चांगला, मान्य. पण त्यांचा सोपा म्हणजे आखूड. परक्या वाचकाला 'रिसीव्ह' सोपा असतो, कारण त्याचे अर्थ मोजके आणि एकमेकांच्या जवळचे. स्पॅनिश किंवा फ्रेंच बोलणाऱ्याला तर तो ओळखीचाच वाटतो. तुम्ही त्याच्यासाठी म्हणून 'गेट' घालता आणि त्याचीच वाट अडवता.

कुणीतरी म्हणेलच की मराठीतही 'लागणे' आहे. आहे ना. भूक लागते, ठेच लागते, वेळ लागतो, डोळा लागतो, गाडी लागते. मराठी शिकणारा यावर वैतागला तर त्याला वैतागायचा पूर्ण हक्क आहे, मी त्याच्या बाजूने उभी राहीन. पण 'लागणे' नीट न आल्यामुळे जगभरच्या विद्यापीठांची आणि नोकऱ्यांची दारं त्याच्या तोंडावर बंद होत नाहीत. 'गेट' अडला की होतात.

आणि चीड याची येते की हे शिकवता येतं. 'गेट'पुढे वस्तू आली तर बहुतेक वेळा मिळणे किंवा आणणे. विशेषण आलं तर होणे. ठिकाण आलं तर पोचणे. माणूस आणि मग 'टू' आलं तर करायला लावणे. सगळं यात बसत नाही, धमकी आणि चोरी बाहेरच राहतात, पण रोजच्या बोलण्यातला मोठा भाग बसतो. हे मला कुठल्याही वर्गात कुणी सांगितलं नाही, वाक्यं ताडून ताडून माझं मला शोधावं लागलं. छापायला अर्धं पान पुरतं. पाठ्यपुस्तकं काढणाऱ्यांनो, ते अर्धं पान द्या, आणि तोवर निबंधातल्या 'गेट'खाली लाल रेघ ओढू नका.