गीझर लावलाय, कुणी इस्त्री लावू नका!

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांत जानेवारीची सकाळ भूपाळीनं उजाडत नाही, आरोळीनं उजाडते. "गीझर लावलाय, कुणी इस्त्री लावू नका!" पारा चार-पाचावर, अंगणात धुकं, न्हाणीघराबाहेर टॉवेल खांद्यावर टाकून रांग. आणि नेमकं तेव्हाच मागच्या खोलीत कुणीतरी रजईतून हात काढून गुपचूप हीटरचं बटण दाबतं. खट्ट! सगळीकडे काळोख. मग चौकशी बसते. माझ्या माहितीत आजवर एकाही घरात हीटर लावणाऱ्यानं गुन्हा कबूल केलेला नाही.

पण हिशेब तरी बघा. दोन हजार वॅटचा गीझर २३० व्होल्टला ८.७ अँपिअर ओढतो. तेवढ्याच वॅटचा हीटर आणखी ८.७, बादलीत पाणी तापवायचा दीड हजार वॅटचा रॉड साडेसहा. झाले चोवीस! आणि हे ओझं कुणाच्या डोक्यावर? लाकडी पट्टीवरून गेलेल्या, दीड चौरस मिलिमीटरच्या ॲल्युमिनियमच्या एकेरी तारेवर. बिचारी दहाच्या आसपास अँपिअर सोसणारी. चार दिवे, एक रेडिओ नि एक पंखा एवढ्याच बोलीवर तिला घरात आणलेली. दौलतराव शिंद्यांचा तळ १८१० च्या सुमारास इथे पडला आणि त्याचं लष्कर झालं. काही घरांचं वायरिंग बघून ते त्याच तळाबरोबर आलं असावं असं वाटतं.

करंट दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते. ॲल्युमिनियम तर मऊ. तापलं की फुगतं, स्क्रूखाली दबतं, निवलं की सैल पडतं. शिवाय हवेनं त्यावर जो थर धरतो त्यातून वीज धड जात नाही. म्हणजे सांधा सैल, म्हणून तापतो. तापतो, म्हणून आणखी सैल. मिस्त्रीनं तिथेच तांब्याची तार पिळून वर काळी टेप गुंडाळली असेल तर बघायलाच नको. गीझरच्या प्लगची एक पिन तपकिरी झालेली दिसते आणि न्हाणीत अधूनमधून जळक्या माशासारखा वास येतो, ती हीच गोष्ट. शुद्ध शाकाहारी घरात हा वास आला तर शेजाऱ्यावर संशय घेऊ नये, आधी मेन बंद करावा.

आता फ्यूजची तार बसते त्या चिनीमातीच्या कटआउटची दोन पितळी टोकं पाहू. मेन बंद करूनच, बरं का. पाच अँपिअरला कल्हई केलेल्या तांब्याची ०.२ मिलिमीटरची तार लागते, पंधराला ०.५ची. प्रत्यक्षात आत काय निघतं? केबलच्या चार तारा, दुहेरी पिळलेल्या! "आमच्याकडे फ्यूज कधी उडतच नाही," असं काका अभिमानानं सांगतात. उडेल कशाला? भिंतीतली वायर पेटेल, पण फ्यूज जागचा हलणार नाही. आणि जुन्या घरात कटआउट जोडीनं असतात, एक फेजला, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेला, एक न्यूट्रलला, म्हणजे परतीच्या तारेला. न्यूट्रलचा उडाला की रॉड बंद पडतो, "लाईट गेली" म्हणून कुणीतरी बादलीत बोट घालून पाणी बघतं, आणि रॉडमध्ये फेज तसाच उभा. त्या रॉडला प्लगसुद्धा नसतो. दोन उघड्या तारा सॉकेटच्या भोकांत, आणि त्या हलू नयेत म्हणून माचिसच्या काड्या खुपसलेल्या. पाणी किती तापलं हे बघायचंच असेल तर आधी बटण, मग प्लग काढणं, मग बोट. बादली प्लास्टिकची.

बदलायचं ठरलं तर आधी गीझरला स्वतंत्र लाईन द्या. तांब्याची २.५ चौरस मिलिमीटरची वायर पुरते, पण गच्चीवरच्या न्हाणीपर्यंत लांब पल्ला असेल तर ४ची घालावी. वर २० अँपिअरचा एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारा खटका. हीटरचे सोळा अँपिअरचे सॉकेट २.५वर, दिवे-पंखे १.५वर, सहाच्या एमसीबीला. एमसीबी वायर बघून घ्यायचा असतो, आपली हौस बघून नव्हे. विसाचा पडतो म्हणून बत्तिसाचा बसवणं म्हणजे त्याच चार पिळलेल्या तारा, फक्त गोऱ्यागोमट्या डब्यात. वीज कार्यालयातला मंजूर भार अजून आजोबांच्या काळचा एक किलोवॅट असेल तर तोही वाढवून घ्या.

ग्वाल्हेरी दगडाच्या भिंती छिन्नीला दाद देत नाहीत, छताच्या दगडी पटियांना भोकं पाडणं शहाणपणाचं नाही. म्हणून बाहेरून प्लास्टिकची केसिंगपट्टी. "काय ते भिंतीवर गांडूळ चढल्यासारखं दिसतं!" असं प्रत्येक घरातल्या काकू म्हणतात. दिसतं खरं. पण उघडून बघता येतं, ही सोय मला दिसण्यापेक्षा मोठी वाटते. अर्थिंगचा कोळसा-मीठ घातलेला खड्डा मात्र थंडीत कुणाला आठवत नाही, आणि मे महिन्यात तो खडखडीत कोरडा पडतो. उन्हाळ्यात त्यालाही बादलीभर पाणी पाजावं लागतं, तुळशीसारखं.

आणि मग घरात आरसीसीबी येते, म्हणजे गळती ओळखून वीज तोडणारी कळ. ३० मिलिअँपिअरची. जाणारा आणि परतणारा करंट यांत एवढा फरक पडला की पडते. जास्त भाराशी तिला कर्तव्य नाही, ते एमसीबीचं खातं. अर्थिंग नीट असेल तर कुणी हात लावायच्या आधीच पडते, नसेल तर हात लागल्यावर. पहिल्याच सकाळी ती घरातली सगळी जुनी पापं चव्हाट्यावर आणते. आठ महिने पडून राहिलेल्या गीझरच्या एलिमेंटमध्ये ओल शिरलेली, म्हणून पडते. जिन्यातल्या दिव्यानं माजघराचा न्यूट्रल उसना घेतलेला, म्हणून पडते. कुण्या मिस्त्रीनं अर्थिंगच्या जागी न्यूट्रलच जोडलेला, म्हणून पडते. तिसरं सगळ्यांत घातक, कारण न्यूट्रल तुटला की गीझरचं अंगच फेज होतं. मिस्त्री म्हणतो, "बाबूजी, इसको डायरेक्ट कर देते हैं." करू देऊ नका! सगळे एमसीबी खाली पाडा, आरसीसीबी उचला, मग एकेक एमसीबी चढवा. जिथे पडेल ती लाईन. सगळे खाली असूनही पडत असेल तर गडबड न्यूट्रलची, कारण एकेरी एमसीबी न्यूट्रल तोडत नाही. मग मिस्त्रीनं मेन बंद ठेवून न्यूट्रलच्या तारा एकेक सोडवून बघायच्या. कंटाळवाणं काम आहे, चहा दोनदा होतो. तिच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं, तेही कुणी आंघोळीला बसलेलं नाही हे बघून.

काढलेले कटआउट कोणीही फेकत नाही. पुसून, जोडी लावून ते बिस्किटाच्या डब्यात माळ्यावर जातात. शेजारी रेडिओचा व्हॉल्व्ह, तीन चाव्या कुलपाशिवाय, आणि उरलेली फ्यूजची तार. "असू दे, लागेल कधी," असं आजोबा खालून शिडी धरून सांगतात.